खारं वारं, डेड सेट

‘चार्जिंग होत नाही’ या तक्रारीचं उत्तर अंधेरीत एक असतं आणि पाचूबंदरात दुसरं. अंधेरीतला पोरगा फोन उलटा धरतो, टाचणीने चार्जिंगच्या खोबणीतून खिशातल्या कापसाची गोळी उपसतो आणि फोन परत देतो. काही जण त्याचे पैसेही घेत नाहीत. पाचूबंदरचा फोन वसई गावातल्या दुकानात आला की कारागीर आधी टॉर्च मारून आत बघतो. कापूस निघाला तर नशीब. पुष्कळदा पिनांच्या मुळाशी हिरवट थर दिसतो आणि मग उलटतपासणी सुरू होते.

“पाण्यात पडला होता का, मावशी?”

“नाय रे बाबा. पाण्याजवळपण नेत नाय.”

“मग ठेवता कुठे?”

“खिडकीत. तिथेच रेंज येते ना.”

दोघंही खरंच बोलत असतात. फोन पाण्यात पडलेला नसतो. खिडकी दर्याकडे उघडते, एवढंच.

कुठला मोबाईल घ्यावा, कुठला लॅपटॉप, किती इंची टीव्ही, यावर सल्ल्यांना तोटा नाही. दिवाळीच्या तोंडावर तर गल्लीतला प्रत्येक भाचा तज्ज्ञ असतो. पण हा सगळा सल्ला कोरड्या, बंद, एसीच्या खोलीत राहणाऱ्या माणसासाठी तयार झालेला असतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे तो सांगतो. चार्जिंगची पिन किती महिने टिकेल हे सांगत नाही. माझं मत असं की पाचूबंदरात कुठलीही यंत्रवस्तू घेताना पहिला प्रश्न मिठाचा, दुसरा विजेचा आणि तिसरा मासेमारीच्या दहा महिन्यांचा. कंपनीचं नाव त्यानंतर.

वसई स्टेशनवरून बस वसई गाव ओलांडून किल्ल्याच्या दिशेला येते तसतशी हवा बदलते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतलेल्या या किल्ल्याला लागून किल्लाबंदर आणि पाचूबंदर ही कोळ्यांची गावं आहेत. समोर दर्या, बाजूला वसईच्या खाडीचं मुख, पलीकडे भाईंदर-उत्तनचा किनारा. फेब्रुवारी २०२४ पासून किल्ल्याजवळच्या जेटीवरून भाईंदरला रो-रो बोट जाते. गावात वलांडीवर बोंबील वाळत असतात, डोलीची जाळी पसरलेली असतात, आणि त्याच अंगणांच्या मागच्या घरांत टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर आणि माणसागणिक एक मोबाईल. बोटीवर जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस. एखाद्या मध्यमवर्गीय फ्लॅटपेक्षा नाखव्याच्या घरातली इलेक्ट्रॉनिक्सची बेरीज सहज मोठी निघेल, आणि ती सगळी याच हवेत श्वास घेते.

हवेतलं मीठ म्हणजे नक्की काय, ते एकदा नीट समजून घेतलं की अर्धी दुरुस्ती आपोआप कळते. लाट फुटते तेव्हा फेसातले बुडबुडे फुटतात आणि त्यांतून बारीक तुषार वर उडतात. त्यातलं पाणी हवेत उडून जातं आणि मिठाचा कण तेवढा तरंगत राहतो. किनाऱ्यापासून आत जाल तसे हे कण झपाट्याने कमी होतात, म्हणून स्टेशनजवळच्या इमारतीतला आणि बंदरावरच्या घरातला एकाच दिवशी घेतलेला टीव्ही वेगवेगळं आयुष्य जगतो. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढतं. म्हणजे किनाऱ्यावर यंत्राच्या आत बसलेला मिठाचा थर पावसाळ्यात ओला असतोच, पण दिवाळीतही पुरता सुकत नाही. आणि मिठाच्या पाण्यातून वीज वाहते.

टाइप-सी सॉकेटमध्ये २४ पिना असतात, एकमेकींपासून अर्ध्या मिलिमीटरवर. एकीवर पाच व्होल्ट, फास्ट चार्जरला नऊ किंवा त्याहून जास्त. जवळच दुसरीवर शून्य. मध्ये खारट ओल. पिनेवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की त्याला सूक्ष्म छिद्रं राहतात. त्यातून ओल तांब्यापर्यंत पोचते, आणि वरून वीज चालू असेल तर हा गंज काही पटींनी वेगात पसरतो. तो हिरवा थर म्हणजे तांब्याचे क्षार. यावरून पहिला फुकटचा उपाय निघतो: बटण चालू ठेवून केबल रात्रंदिवस खिडकीत लोंबती सोडू नये. बिघाड पुष्कळदा फोनच्या आधी केबलमध्ये होतो. केबलचं तोंड उजेडात धरा. एखाद्या पिनेवर काळा जळका ठिपका दिसला तर ती केबल घरातल्या दुसऱ्या फोनलाही लावू नका, कचऱ्यात टाका. दीडशे रुपयांची केबल वाचवायला जाऊन लोक दोन-दोन चार्जिंग बोर्ड बदलतात, हे मी बघितलं आहे आणि त्यात कारागिराचा काही दोष नसतो. फोनने ‘ओल आढळली’ असा इशारा दिला, तर तो बंद करून टाकायचा पर्याय शोधण्यापेक्षा चार्जर काढावा. तो इशारा खोटा क्वचितच असतो.

आता खरोखर पाण्यात पडलेल्या फोनबद्दल. घराघरात तांदळाचा डबा तयार असतो आणि फोन त्यात जातो. तांदूळ बंद फोनच्या आतली ओल फारशी ओढत नाही, आणि मीठ तर मुळीच काढत नाही. उलट तांदळाचे कण खोबणीत अडकतात. २०२४ च्या सुरुवातीला अ‍ॅपलनेच आपल्या सूचनांत आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं. दर्याच्या पाण्यात पडलेल्या फोनचं गणित गोड्या पाण्यात पडलेल्यापेक्षा निराळं आहे. गोडं पाणी सुकलं की मागे फारसं काही उरत नाही. खारं पाणी सुकलं की मीठ आत राहतं आणि पुढच्या दमट रात्री पुन्हा कामाला लागतं. म्हणून ‘सुकवला, चालू झाला, आठ दिवसांनी मेला’ ही इथली नेहमीची कहाणी.

करायचं ते असं. फोन ताबडतोब बंद करायचा. चालतो का बघायला पुन्हा चालू करायचा नाही आणि चार्जरला तर अजिबात लावायचा नाही. सिमचा ट्रे काढायचा. जलरोधक म्हणून विकलेला, कधीही न उघडलेला फोन असेल तर गोड्या पाण्याने बाहेरून धुवायचा. हे ऐकून लोक दचकतात, पण कंपन्यांच्या सूचनांतही तेच आहे. साधा फोन असेल तर त्याच दिवशी कारागिराकडे न्यायचा. ‘आज धक्क्यावर माल आहे, उद्या बघू’ म्हणून चालत नाही, कारण आतला गंज उद्याची वाट बघत नाही. केस सुकवायच्या ड्रायरने गरम हवा मारायची नाही, त्याने पाणी आणखी आत ढकललं जातं. जाणता कारागीर सेट उघडून आधी बॅटरी सोडवतो, बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुतो म्हणजे मीठ निघतं, मग आयपीएने म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने घासतो म्हणजे पाणी निघतं. चिपांवरची पत्र्याची झाकणं उचलून त्याखालीही बघतो, आणि शेवटी मीटर लावून कुठे शॉर्टिंग आहे का तपासतो. नुसताच पंख्याखाली ठेवून ‘झालं’ म्हणणाऱ्याकडून फोन उचलावा. सेट चालू झाला तर पहिलं काम फोटो, नंबर, कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घेणं. तो फोन आता उसन्या आयुष्यावर आहे.

आयपी ६८ म्हणजे वॉटरप्रूफ, या समजाने किनाऱ्यावर बराच पैसा वाया गेला आहे. हे आकडे आयईसी ६०५२९ या मानकातले. आयपी ६७ म्हणजे नवा कोरा सेट एक मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकला. ६८ मध्ये खोली आणि वेळ कंपनी स्वतः सांगते. चाचणी साध्या पाण्यात आणि प्रयोगशाळेत होते. खारं पाणी, डिझेल, माशांचं पाणी, साबण, दोन वर्षांनी कडक झालेलं रबर, एकदा बदललेला डिस्प्ले, यांतलं काही त्यात धरलेलं नसतं. फोन एकदा उघडला की कारखान्यातलं चिकट सील गेलंच. आणि सहसा पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. आत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो, आणि सर्व्हिस सेंटरवाला आधी तोच बघतो. जलरोधक फोन घेऊ नये असं म्हणणं नाही. पण बोटीवर जाणाऱ्याने केवळ त्यासाठी वीस हजार जास्त मोजण्यापेक्षा मधल्या दराचा फोन आणि झिपची चांगली पाउच घ्यावी. पाउच घेतल्यावर आत टिश्यू पेपर घालून ती रात्रभर बादलीत बुडवून ठेवावी. सकाळी कागद कोरडा असेल तरच फोन आत घालावा.

बोटीवर स्मार्टफोनबरोबर एक साधा बटणाचा फोनही ठेवायला हरकत नाही. बॅटरी दिवसचे दिवस जाते, मागचं झाकण नखाने उघडतं, बॅटरी हाताने निघते, ओल्या हाताने नंबर लागतो. टचस्क्रीनवर खारं पाणी पडलं की ती आपल्या मनाने नंबर फिरवते. हे ज्याने धक्क्यावर अनुभवलंय त्याला समजावून सांगायला लागत नाही.

बोटीवरच्या इतर यंत्रांचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी तांडेल किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून जागा ओळखत: एखादा डोंगर, एखादा मनोरा. जीपीएस आल्यावरही सुरुवातीला अमेरिका नागरी वापराच्या लहरींत मुद्दाम चूक मिसळत असे. ठिकाण शंभरेक मीटरने हुकायचं. मे २००० मध्ये ती भेसळ बंद झाली आणि डोलीचे खुंटे परत शोधायला यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागलं. आज तेच काम खिशातला फोन करतो, पण एक गैरसमज अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे: रेंज गेली की फोनचं जीपीएस बंद पडतं. तसं नाही. जीपीएसला ना सिम लागतं ना इंटरनेट. उपग्रहाची लहर फोन थेट पकडतो. रेंज जाते तेव्हा नकाशा यायचा थांबतो. निघण्याआधी घरी वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवला, तर फोन खोल दर्यातही आपली जागा दाखवतो. पहिल्यांदा जागा पकडायला मात्र रेंजशिवाय जास्त वेळ घेतो. तेवढ्यात घाबरून तो बंद-चालू करत बसलात तर आणखी उशीर.

‘इंजिन स्टार्ट केलं की जीपीएस बंद पडून पुन्हा चालू होतं’ ही तक्रार घेऊन लोक सेट बदलायला निघतात. सेटचा दोष नसतो. स्टार्टर फिरताना बॅटरीचे बारा व्होल्ट क्षणभर इतके खाली येतात की यंत्राला ते पुरत नाहीत. इंजिन सुरू झाल्यावर सेट चालू करावा, किंवा इलेक्ट्रॉनिक्सला वेगळी छोटी बॅटरी द्यावी. त्याचा पुढचा भाऊ म्हणजे मधूनमधून बंद पडणारा सेट. तिथे नव्वद टक्के वेळा दोषी असते ती वायर. घरात वापरतात ती साधी तांब्याची वायर बोटीवर आतल्या आत काळी पडते, वरचं प्लास्टिक मात्र नव्यासारखं. कथील चढवलेली वायर महाग पडते, पण बोटीवर तीच घ्यावी. जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी दाबून बसवलेले टर्मिनल, वर गरम करून आवळणारी नळी, आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेलीचा हात. फिश फाइंडरचं चित्र पुसट झालं तर पडद्याकडे बघण्याआधी बोटीच्या तळाकडे बघावं. तिथल्या ट्रान्सड्यूसरवर शेवाळ आणि शिंपले धरले की आवाजाची लहर धड जातही नाही आणि येतही नाही. तो मऊ ब्रशने साफ करावा, पत्रीने खरवडू नये.

या यंत्रांत आता एकाची भर पडते आहे आणि त्याचा पालघरशी थेट संबंध आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमातच पंतप्रधानांनी मासेमारी बोटींसाठीच्या संपर्क यंत्रणेची देशव्यापी सुरुवात केली: सुमारे ३६० कोटी रुपये खर्च, १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश, एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपॉन्डर. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तामिळनाडूचे कितीतरी खलाशी बेपत्ता झाले आणि काही बोटी भरकटत थेट आपल्या देवगडला लागल्या. किनाऱ्यापलीकडे संपर्काचा धागाच नव्हता. ट्रान्सपॉन्डरचा निरोप मोबाईलच्या टॉवरवरून नाही, उपग्रहावरून जातो. पण तो निरोप लिहायचा आणि वाचायचा असतो ब्लूटूथने जोडलेल्या मोबाईलवर. म्हणजे ज्या फोनची चार्जिंग पिन हिरवी पडली आहे तो आता नुसता गाणी ऐकायचा फोन राहिला नाही. वाढवण बंदराबद्दल इथल्या कोळ्यांचं मत काय आहे, तो वेगळा आणि मोठा लेख. पण ट्रान्सपॉन्डर बसला असेल तर त्याला जोडलेल्या फोनची बॅटरी आणि पॉवर बँक निघताना भरलेली हवीच. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही फोनमध्ये भरून ठेवावा. तो साध्या रेंजवर चालतो.

पॉवर बँकेवरचा आकडा फसवा असतो. दहा हजार एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप. बाहेर पाच व्होल्टने देताना आणि वाटेतली गळती धरता हातात सहा-साडेसहा हजार पडतात. पाच हजारांची बॅटरी असलेला फोन तिच्यावर एकदा पूर्ण आणि वर थोडासाच भरतो. तीन दिवस बाहेर राहणाऱ्या बोटीला दोन फोन असतील तर वीस हजारांची घ्या. तिच्यावर आणि चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो घातला की खरा की नुसताच छापलेला ते कळतं. फुगलेली पॉवर बँक बोटीवर नेऊ नये. टोचून हवा काढता येईल असं वाटणाऱ्यांसाठी: लिथियमची बॅटरी टोचली की पेटते.

आता घरातली वीज. उन्हाळाभर खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसत जातो. मुसळधार पावसात तो धुऊन जातो, पण पहिल्या झिमझिमीत किंवा धुक्यात तो नुसता ओला होतो आणि त्यावरून वीज सरकायला लागते. ठिणग्या दिसतात, फ्यूज उडतो. त्याहून वाईट म्हणजे गंजलेला न्यूट्रल तुटणं. गल्लीला वीज तीन फेजांवर येते. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट. न्यूट्रल तुटला की दोन वेगळ्या फेजांवरची घरं एकमेकांशी जोडली जातात आणि मधला ४०० व्होल्टचा दाब वाटून घेतात. ज्या घरात कमी उपकरणं चालू, त्याच्या वाट्याला जास्त. म्हणून एका रात्रीत ‘या बाजूच्या सगळ्यांचे टीव्ही गेले’ असं होतं आणि समोरच्या बाजूला नुसते दिवे मंद होतात. एमसीबी अशा वेळी पडत नाही. ती जास्त करंटला पडते, जास्त व्होल्टेजला नाही. यासाठी बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्यायचा असतो. तो वायरमनकडून बसवून घेतला, तर एका टीव्हीच्या किमतीच्या फार थोड्या भागात सगळं घर राखलं जातं. माझ्या मते पाचूबंदरच्या घरातली ही पहिली खरेदी. स्मार्ट टीव्ही दुसरी.

स्पाइक गार्ड म्हणून मिळणाऱ्या पट्ट्यांपैकी बऱ्याचशा नुसत्या एक्स्टेन्शन असतात. आत एमओव्ही नावाचा शोषक आहे का, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नाही असं धरा. हा शोषक प्रत्येक झटक्याबरोबर झिजतो, त्यामुळे चार-पाच वर्षांची पट्टी जुनी झाली म्हणून बदलावी. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याचं कारण आर्थिंगमध्ये आहे. अ‍ॅडॉप्टरच्या आतल्या छोट्या कपॅसिटरांची गळती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जायची असते. आर्थिंग नसेल तर ती पत्र्यावर येऊन बसते. करंट फार थोडा असतो, पण तो घराचं आर्थिंग मेल्याचं सांगत असतो. इथली ओली खारी जमीन वीज छान घेते आणि तीच लोखंडी पट्टी खाऊन टाकते. तिसरी पिन मोडून दोन पिनेच्या सॉकेटात बसवणारे कारागीर आमच्याकडे आहेत. त्यांना चहा पाजावा आणि परत पाठवावं. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये पाणी भरून अनेक भागांत वीज बंद ठेवावी लागली होती. तेव्हापासून शहाण्यांनी सॉकेट कमरेच्या वर घेतले.

कॉम्प्युटर गावात दोन वाटांनी आला: कॉलेजच्या मुलांमुळे आणि बोटीच्या नोंदणी-परवान्याचे कागद ऑनलाइन झाल्यामुळे. बजेट वीस हजारांच्या आत असेल, तर नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा ऑफिसांतून निघालेला सेकंडहँड चांगला, हे माझं ठाम मत. बिझनेस मॉडेलांचा सांगाडा दणकट असतो, पार्ट मिळतात, स्क्रू उघडतात. वसईहून लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जायचं. पाट्यांवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तिथे ‘कोअर आय फाइव्ह’ म्हणून जे पुढे ठेवतील त्यावर भुलायचं नाही, कितव्या पिढीचा ते विचारायचं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे घ्यायला, काही मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीचे लॅपटॉप ढिगाने आणि स्वस्तात दिसतात. घेणाऱ्याला लिनक्स चालवायचं असेल तर ते उत्तमच आहेत. नाहीतर चार हजार जास्त देऊन आठवी पिढी.

दुकानातच बघायचं: बॅटरीवर वीस मिनिटं चालवून टक्के किती उतरतात, प्रत्येक यूएसबीत पेन ड्राइव्ह घालून, कीबोर्डची एकूण एक कळ दाबून, बिजागरी हलवताना पडदा लुकलुकतो का. हार्ड डिस्कवाला घेऊ नये. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, गाळणी लावलेलं, पण दमट हवा आत जातेच. शिवाय फिरणारी तबकडी धक्क्याला भिते. एसएसडीला ना भोक ना तबकडी. डेस्कटॉप असेल तर पंखा खारी धूळ आत ओढतो, ती वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवशी काढावी.

आणि बंद पडलेला जुना पीसी लगेच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून लिहू नये. रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासून परत बसवणं, ही भारतभरची गल्लीतली युक्ती खाऱ्या हवेत खरोखर लागू पडते, कारण अडचण पुष्कळदा तिथल्या ऑक्साइडच्या थराचीच असते. प्लग काढून, हलक्या हाताने घासा, आणि रबराचा चुरा फुंकून नव्हे, ब्रशने झाडा. थुंकीत पण मीठ असतं. तारीख रोज मागे जात असेल तर सीआर २०३२ ची नाण्याएवढी बॅटरी बदला, काम झालं.

किनाऱ्यावर रोज वापरलेलं यंत्र ठेवून दिलेल्यापेक्षा जास्त टिकतं. चालू यंत्र स्वतःच्या उष्णतेने आतून कोरडं राहतं; बंद पडून असलेलं गार पडतं आणि ओल धरतं. परगावी गेलेल्यांच्या बंद घरातले टीव्ही आल्या दिवशी सुरू होत नाहीत ते यामुळे. मासेमारी बंदीच्या दिवसांत, १ जून ते ३१ जुलै, बोटी शाकारून ठेवतात आणि जीपीएस, फिश फाइंडर काढून घरी आणतात. इथे एक चूक हमखास होते: सेट दर्यावरून आणला तसाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर. मीठ आणि ओल दोन्ही आत कोंडली गेली. आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचा, कोरडा करायचा, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात. जेलचा रंग बदलला की पुडी बदलायची. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू केला तर आणखी चांगलं.

एसी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: तांब्याची कॉइल आणि पात्यांवर गंजरोधक थर, ज्याला दुकानदार ब्लू फिन म्हणतात, बाहेरचं युनिट शक्यतो दर्याच्या उलट भिंतीवर. आणि एसीच्या खोलीतून फोन घेऊन थेट बाहेर आलात तर कॅमेऱ्याच्या काचेआड धुकं येतं, ते पाचेक मिनिटांत आपोआप जातं.

जुना मोबाईल घेताना स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय बघायचा, केवायएम लिहून पुढे तो पंधरा आकडी नंबर १४४२२ ला एसएमएस करायचा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर कळतं. बिल नाही म्हणणाऱ्याकडून कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. दुरुस्तीला देताना सिम काढून घ्यावं, आणि पार्ट ओरिजिनल की कॉपी हे बिलावर लिहून घ्यावं. तोंडी सांगितलेलं १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सिद्ध करता येत नाही.

राहता राहिला पैसा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही आणि एसी यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोबाईल-लॅपटॉप आधीपासूनच १८ वर होते, त्यामुळे ‘जीएसटी कमी झाला’ म्हणून मोबाईल स्वस्त सांगणाऱ्याकडे संशयाने बघावं. झिरो कॉस्ट ईएमआयला शून्य व्याज म्हणू नका, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. प्रत्यक्षात व्याजाएवढी सूट आधी देऊन व्याज नंतर घेतात. वर प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्डावर त्या व्याजाचा जीएसटी. रोख घेणाऱ्याला तीच सूट मागता येते, आणि पुष्कळदा मिळते.

पण खरी अडचण हप्त्यांच्या संख्येत आहे. बारा महिन्यांचा ईएमआय पगारदाराच्या बारा पगारांवर बेतलेला असतो. बोटीवरच्या घराची कमाई दहा महिन्यांची. जून-जुलैत बोट किनाऱ्यावर, जाळी-इंजिनाचा खर्च वर, शाळेच्या फिया त्याच सुमारास. हप्ता चुकला की दंड, आणि क्रेडिट स्कोअर खाली आला की पुढच्या वर्षी इंजिनासाठी कर्ज मागताना तोच फोन आडवा येतो. दिवाळीला फोन घ्यायचा असेल तर सहा महिन्यांचा हप्ता मागा, तो एप्रिल-मेमध्ये फिटतो. नाताळला घेणाऱ्याने तीन महिन्यांचा घ्यावा, फार तर पाच. दुकानदार बाराचाच फॉर्म पुढे करेल. त्याला सांगायचं, दादा, बंदीच्या आधी संपणारा दाखव.